नाणेघाटाचे पहारेकरी
शिवनेरीपासून आहुप्यापर्यंत किल्ल्यांच्या सोबतीने जाणारी घाटमाथ्याची वाट

पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला असलेल्या जुन्नर तालुक्यात किल्ले पाहण्यासाठी जाणाऱ्या बहुतेकांची गाडी शिवनेरीच्या पायथ्याशी थांबते आणि तेथूनच माघारी फिरते. शिवजन्मस्थळाचे दर्शन झाले, लेण्याद्री-ओझरचे गणपती झाले की दिवस संपतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी वारशाची द्योतक म्हणून बारा किल्ल्यांची जागतिक वारसा यादीत नोंद केली. त्यात शिवनेरी आहे; मात्र त्याच्या पश्चिमेला एकामागोमाग एक उभे असलेले हडसर, चावंड आणि जीवधन हे त्याचे तीन सोबती नाहीत. यादीला मर्यादा असणारच. परंतु हे चार किल्ले एकमेकांपासून तोडून पाहिले, तर त्यांपैकी एकही नीट समजत नाही. ते एका वाटेवरचे पहारेकरी आहेत आणि ती वाट म्हणजे नाणेघाट.

कल्याण आणि सोपारा या प्राचीन बंदरांतून निघालेला माल सह्याद्रीची भिंत चढून नाणेघाटाने जुन्नरला येई आणि तेथून पुढे प्रतिष्ठानकडे, म्हणजे आजच्या पैठणकडे जाई. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी कोरली गेली, त्यामागे याच व्यापाराचा पैसा होता. तुळजा, शिवनेरी, मानमोडी आणि लेण्याद्री हे त्यांचे मुख्य समूह. अष्टविनायकांपैकी लेण्याद्रीचा गिरिजात्मज ज्या दालनात बसला आहे, तेही मुळात बौद्ध भिक्षूंसाठी खोदलेले लेणेच. राजवटी बदलल्या, सातवाहन गेले, यादव गेले, बहमनी आणि निजामशाही आली. वाट मात्र तीच राहिली. ज्याच्या हाती जुन्नर, त्याच्या हाती घाट, म्हणून प्रत्येकाने या टेकड्यांवर आपापले पहारे बसवले.

शिवनेरी

शिवनेरीची मुख्य वाट सात दरवाजांतून वर चढते. पायऱ्या बांधीव आणि प्रशस्त असल्याने घरातील ज्येष्ठही सावकाश वर जाऊ शकतात. वाटेत शिवाईदेवीचे मंदिर लागते. माथ्यावर अंबरखाना, कमानी मशीद, गंगा-जमुना ही पाण्याची टाकी, शिवकुंज, बदामी तलाव आणि उत्तर टोकाला कडेलोटाची जागा आहे. दुसरी वाट कड्यातील साखळीची. ती सरावलेल्यांनीच घ्यावी.

१९ फेब्रुवारी १६३० रोजी येथे शिवाजी महाराजांचा जन्म झाला, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. मात्र आपला हा जन्मदुर्ग महाराजांच्या ताब्यात कधीच आला नाही, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. शहाजीराजांनी मोगलांशी केलेल्या तहानंतर १६३७ च्या सुमारास हा मुलूख मोगलांकडे गेला. १६५७ मध्ये महाराजांनी जुन्नर शहरावर छापा घालून द्रव्य आणि घोडे नेले, पण गड हाती लागला नाही. पुढचे प्रयत्नही फसले. शिवनेरी मराठ्यांकडे आला तो शाहू महाराजांच्या काळात, अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात. गडाच्या माथ्यावरील चौथऱ्याशी आणखी एक आठवण निगडित आहे. सतराव्या शतकाच्या मध्यास मोगलांविरुद्ध उठलेल्या महादेव कोळ्यांची तेथे कत्तल झाली. त्याच जमातीची गावे आजही पुढच्या सबंध वाटेवर आहेत, हे लक्षात ठेवले की वाट निराळी दिसू लागते.

मोगली अंमलात, १६७५ मध्ये, जॉन फ्रायर हा इंग्रज डॉक्टर मुंबईहून जुन्नरला आला होता. मोगल अधिकाऱ्याच्या घरी उपचारासाठी त्याला बोलावणे होते. त्याने शिवनेरीही पाहिला आणि त्याचे वर्णन लिहून ठेवले. त्याचा प्रवासग्रंथ १६९८ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. येताना वाट चुकून तो एका अवघड घाटाने वर चढला. त्याच्या ग्रंथातील ‘ओपागाट’ हे नाव म्हणजे आंबेगाव तालुक्यातील आहुपे घाट, असे अभ्यासक मानतात. परतताना तो सोप्या नाणेघाटाने उतरला. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या त्या परक्या प्रवाशाची एक चूक या पायवाटेची दोन्ही टोके सांधून गेली आहे.

हडसर आणि चावंड

जुन्नरच्या पश्चिमेला कुकडी नदीवरील माणिकडोह धरणाच्या जलाशयाजवळ हडसर उभा आहे. पर्वतगड हे त्याचे दुसरे नाव. गडावर जाण्याच्या दोन वाटा. पैकी खुंटीची वाट कड्याला ठोकलेल्या आधारांवरून सरळ वर चढते, तर पेठेच्या वाडीकडची वाट खिंडीतून प्रवेशद्वारापाशी येते. ही दुसरी वाट टाळून हडसर पाहणे म्हणजे गाभारा न पाहता देऊळ पाहणे. येथे दगड आणून दरवाजा बांधलेला नाही. डोंगर पोखरूनच जिना, वळण आणि दरवाजे काढले आहेत. एका दरवाजातून आत शिरलेल्या शत्रूला दुसऱ्या दरवाजापर्यंत बोळकांडीत अडकवायचे आणि वरून मारा करायचा, ही कल्पना तेथे उभे राहिल्यावर चटकन कळते. माथ्यावर कातळात खोदलेल्या कोठ्या, पाण्याची टाकी आणि महादेवाचे देऊळ आहे.

चावंडचा चढ छोटा, पण छातीत धडकी भरवणारा आहे. १८१८ च्या एप्रिल-मे महिन्यांत मेजर एल्ड्रिजच्या फौजेने जुन्नर परिसरातील किल्ले पाठोपाठ घेतले. चावंडवर तोफांचा मारा करावा लागला. गड पुन्हा लढता कामा नये म्हणून पायऱ्या सुरुंगाने उडवण्यात आल्या. त्या तुटलेल्या जागी आज लोखंडी कठडे आहेत आणि त्यांच्या आधाराने पर्यटक वर जातात. ‘पायऱ्या का नाहीत’ अशी कुरकूर करणाऱ्यांना याचे उत्तर दोनशे वर्षे मागे जाऊन द्यावे लागते.

चावंडचा इतिहास कैद्यांचा आहे. अहमदनगरच्या निजामशाहीतील बालराजा बहादूरशाह याला सोळाव्या शतकाच्या अखेरीस या गडावर डांबून ठेवले होते. चांदबीबीने त्याचा पक्ष घेऊन मोगलांविरुद्ध नगरचा किल्ला लढवला. शिवाजी महाराजांनी गड घेतल्यावर त्याचे नाव प्रसन्नगड ठेवले. गडावरची सर्वांत देखणी गोष्ट म्हणजे एका रांगेत खोदलेली सात टाकी. सप्तमातृकांच्या नावाने ती ओळखली जातात. शिखरावर चामुंडादेवीचे छोटे देऊळ आहे.

चावंडहून घाटघरकडे जाताना पूर या गावी कुकडेश्वराचे प्राचीन मंदिर लागते. कुकडी नदीचा उगम येथलाच. नद्यांच्या उगमापाशी शिलाहार राजा झंझ याने बारा शिवालये बांधली, अशी परंपरागत समजूत असून त्यात कुकडेश्वराचा समावेश होतो. भिंतींवरील शिल्पे पाहण्यासाठी तासभर तरी राखून ठेवावा.

नाणेघाट आणि जीवधन

घाटघरच्या पठारावरून पुढे गेले की ‘नानाचा अंगठा’ या नावाने ओळखला जाणारा सुळका दिसतो आणि त्याच्या पोटातून कोकणात उतरणारी फरसबंद वाट सुरू होते. खिंडीच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत असत, असे लोक सांगतात. थोडे खाली उतरल्यावर ते प्रसिद्ध लेणे लागते. सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख येथे कोरलेला आहे. त्याचा काळ सामान्यतः इसवी सनापूर्वीचे पहिले शतक मानला जातो. अश्वमेध, राजसूय यांसारखे यज्ञ आणि त्या वेळी दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी यांची मोजदाद लेखात आहे. ही मोजदाद आकड्यांत असल्याने भारतीय अंकांच्या इतिहासात या भिंतीला मोठे मोल आहे. समोरच्या भिंतीवर सिमुक, सातकर्णी, नागनिका आदी राजकुलातील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. प्रतिमा गेल्या, वरची नावे उरली. कर्नल साइक्स याने १८२८ मध्ये या लेखाकडे आधुनिक अभ्यासकांचे लक्ष वेधले.

दोन हजार वर्षे टिकलेल्या या लेण्यात पावसाळी शनिवार-रविवारी काय चालते, ते पाहवत नाही. वाऱ्याने उलट उडणारा धबधबा पाहण्यासाठी गर्दी लोटते, भिजलेली मंडळी लेण्यात आडोसा घेतात आणि भिंतीला पाठ टेकवून डबे उघडतात. कोणाची पाठ कोणत्या अक्षरावर घासते आहे, याचे भान नसते. अक्षरे आधीच झिजलेली आहेत. एकदा गेली की ती कागदावरच्या ठशांतच उरतील.

नाणेघाटाच्या दक्षिणेस जीवधन. घाटावर थेट नजर ठेवणारा किल्ला हाच. कल्याण दरवाजाकडची चढण कातळातील पायऱ्यांची आहे. येथेही पायऱ्या तुटलेल्या असून एका टप्प्यावर दोर लागतो. जुन्नरच्या बाजूची वाट तुलनेने बरी, पण सोपी म्हणता येणार नाही. निजामशाहीच्या अखेरच्या काळात मूर्तझा हा राजवंशातील मुलगा जीवधनवर कैदेत होता. शहाजीराजांनी त्याला सोडवून संगमनेरजवळच्या पेमगिरीवर गादीवर बसवले आणि त्याच्या नावाने काही वर्षे राज्य चालवले. गडावरील दगडी धान्यकोठार आजही शाबूत असून त्यात एकातून दुसऱ्यात जाणारी अंधारी दालने आहेत. विजेरीशिवाय आत जाऊ नये. पश्चिमेच्या कड्यालगत वानरलिंगी हा सरळसोट सुळका उभा आहे. प्रस्तरारोहकांचे ते आवडते आव्हान. इतरांनी तो कड्यावरूनच पाहावा.

घाटमाथ्याने आंबेगावात

हौशी पर्यटकाची सहल जीवधनला संपते. खरी पायपीट येथून सुरू होते. सह्याद्रीची धार उजव्या हाताला ठेवून घाटघर, आंबोली, ढाकोबा, दुर्गवाडी, हातवीज, आहुपे, कोंढवळ अशी ही वाट भीमाशंकरला पोचते. चांगल्या चालीने तीन दिवस लागतात. आंबोली म्हणजे सिंधुदुर्गातील थंड हवेचे ठिकाण नव्हे. जुन्नर तालुक्यातील हे छोटे गाव दाऱ्या घाटाच्या तोंडाशी आहे. ढाकोबाच्या शिखरावरून कोकणाकडचा कडा एकदम तुटतो. पुढचा दुर्ग हा किल्ला म्हणायचा तो नावापुरता. बांधकाम जवळजवळ नाही. पायथ्याशी दुर्गादेवीचे ठाणे आणि गर्द राई आहे. तरीही माथ्यावरून घाटवाटा कशा न्याहाळल्या जात असतील, याचा अंदाज येथे सर्वांत चांगला येतो.

आहुपे हे आंबेगाव तालुक्यातील घाटमाथ्यावरचे गाव. समोर खाली गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके, बाजूला सिद्धगड. गावची देवराई पिढ्यान् पिढ्या राखलेली आहे. या पट्ट्यातील महादेव कोळी कुटुंबांचा रोख पैसा पुष्कळसा हिरड्यावर अवलंबून असतो. उन्हाळ्यात कोवळा हिरडा झोडून, वाळवून विकायचा आणि त्यावर पावसाळ्याची बेगमी करायची, असा वर्षाचा हिशेब. जून २०२० मधील ‘निसर्ग’ चक्रीवादळाने जुन्नर-आंबेगावातील हिरड्याची झाडे मोडली, तेव्हा अनेक घरांचे उत्पन्न बुडाले. अशा गावात मुक्काम करून भाकरी-पिठल्याचे रीतसर पैसे देणारा पाहुणा हा उपकारकर्ता नसला, तरी आधार नक्कीच असतो.

आहुप्याहून खाली डिंभ्याकडे येणाऱ्या परिसरातच माळीण आहे. ३० जुलै २०१४ च्या पहाटे डोंगर कोसळून हे गाव गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे दगावली. मुसळधार पावसात या उतारांखाली तंबू ठोकण्याचा विचारही करू नये. डिंभे धरणाच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचे नाव आहे. परदेशी कापडाचा ट्रक अडवताना १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत प्राण देणारे बाबू गेनू याच तालुक्यातील महाळुंगे पडवळचे. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले, ते जुने आंबेगाव याच पाण्याखाली गेले; तालुक्याचा कारभार घोडेगावहून चालतो.

वाटेवर जाण्यापूर्वी

फ्रान्समध्ये जुन्या किल्ल्या-गढ्यांच्या बाजूने जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या पायवाटांवर झाडाच्या खोडावर, दगडावर किंवा कुंपणाच्या खांबावर पांढरा-तांबडा पट्टा रंगवलेला असतो. परका माणूसही त्या खुणांवरून दिवसेंदिवस चालत राहतो. घाटमाथ्याच्या या वाटेवर तशी सोय नाही. गुरांच्या वाटा आणि माणसांच्या वाटा एकमेकींत मिसळतात, धुक्यात तर दहा पावलांवरचे दिसत नाही आणि उजवीकडे हजारो फुटांचा कडा असतो. राज्य शासनाने २०१८ मध्ये जुन्नरला पर्यटन तालुका जाहीर केले. खुणांचे दगड बसवणे हे त्यातले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत निकडीचे काम ठरेल. तोवर घाटघर, आंबोली किंवा आहुप्यातून स्थानिक वाटाड्या घेतल्याशिवाय पुढे जाणे शहाणपणाचे नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात चावंड आणि जीवधनचे कातळ शेवाळून निसरडे होतात. मार्चनंतर गडावरील बहुतेक टाक्यांचे पाणी पिण्याजोगे राहत नाही. शिवनेरीच्या कड्यांवर आग्या मोहळे असतात. धूर, अत्तर आणि आरडाओरडा टाळावा. जुन्नरच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्यांचा वावर असल्याने अंधारात एकट्याने चालू नये. कोंढवळच्या पुढे भीमाशंकर अभयारण्याची हद्द लागते. १९८५ मध्ये घोषित झालेले हे अभयारण्य शेकरूसाठी राखलेले असून तेथे वन विभागाचे नियम पाळावे लागतात.

पुण्याहून जुन्नर नारायणगावमार्गे सुमारे ९५ किलोमीटर आहे. जुन्नरहून घाटघरकडे एसटीच्या फेऱ्या मोजक्याच असतात, त्यामुळे आदल्या दिवशी स्थानकावर चौकशी करून ठेवावी. मुंबईकरांना कल्याण-मुरबाडमार्गे वैशाखरे येथे उतरून नाणेघाट पायी चढता येतो; जुन्या व्यापाऱ्यांचा क्रम हाच होता. परतीसाठी भीमाशंकरहून घोडेगाव-मंचरमार्गे पुण्याची एसटी मिळते.