रानभाज्या व अळंबी : बदलांचे लोकनिरीक्षण

सह्याद्रीतील वारली, ठाकर, कातकरी, महादेव कोळी समाजांत रानभाज्यांची घट मोजली जाते ती उगवण्याच्या वेळेवरून आणि भाजीसाठी कराव्या लागणाऱ्या पायपिटीवरून. पावसाच्या तोंडावर उगवणारे शेवळे थोडेच आठवडे मिळते; घसा खाजू नये म्हणून ते काकडाच्या फळांसोबत शिजवतात. पाऊस लांबला की हा हंगाम सरकतो. वारुळावरची अळंबी म्हणजे वाळवीने पोसलेल्या टर्मिटोमायसीस बुरशीची फळे. ती शेतात पिकवता येत नाही. म्हणूनच वारूळ मोडले की अळंबी गेली, हे जाणत्या बायांचे म्हणणे शास्त्राला धरून आहे आणि वननियोजनात त्याची दखल घ्यायलाच हवी. तणनाशके, डोंगरउतारांवरील प्लॉट आणि विक्रीसाठी कोवळीच खुडणी ही रानभाज्यांच्या घटीची सांगितली जाणारी प्रमुख कारणे. टाकळा मात्र पडीक जागी, रस्त्याकडेला आजही मुबलक उगवतो.