ग्रांद जात बेटावरचा रविवार

ग्रांद जात हे पॅरिसच्या वायव्येला सेन नदीतले एक लांबट, चिंचोळे बेट. १८३७ मध्ये सुरू झालेल्या सँ-जर्मँ रेल्वेमुळे हा काठ शहराच्या आवाक्यात आला आणि नदीकाठी नावा, खानावळी, पोहणारे, गळ टाकून बसणारे अशी सुटीच्या दिवसाची गर्दी होऊ लागली. पलीकडे क्लिशीच्या कारखान्यांची धुराडी दिसत. रविवारी काम बंद ठेवण्याचा १८१४ चा कायदा १८८० मध्ये रद्द झाला होता आणि आठवड्याच्या सुटीचा नवा कायदा व्हायला १९०६ उजाडले. मधल्या काळात मजुराला रविवार मिळायचा की नाही, हे मालकाच्या मर्जीवर होते.

चित्रकार जॉर्ज स्यूराने (१८५९–१८९१) या बेटावरची रविवारची दुपार नेमकी याच काळात रंगवली. त्याआधीच्या, आनिएर या गावाच्या चित्रात त्याने बेटासमोरच्या काठावर अंघोळ करणारी कामकरी पोरे दाखवली होती. त्याच चित्रात एका नावेतून एक साहेब आणि एक बाई बेटाकडे निघालेली दिसतात. १८८४ मध्ये त्याने बेटच हाती घेतले. सुमारे दोन मीटर उंच आणि तीन मीटर रुंद अशा या चित्रासाठी त्याने जागेवर बसून लाकडी फळ्यांवर छोटे तैलअभ्यास केले, स्टुडिओत कोळशासारख्या काळ्या खडूने आकृत्या घोटल्या. गोब्लें गालिचा कारखान्यातल्या रंगशाळेचे प्रमुख शेव्हरल यांनी शेजारशेजारच्या रंगांचा एकमेकांवर होणारा परिणाम १८३९ मध्ये मांडला होता. त्यावर भिस्त ठेवून स्यूराने पॅलेटवर रंग कालवण्याऐवजी कॅनव्हासवर शुद्ध रंगांचे ठिपके दिले. १८८६ च्या मे महिन्यात दृक्प्रत्ययवाद्यांच्या आठव्या आणि शेवटच्या प्रदर्शनात हे चित्र लोकांनी पाहिले. चित्रातला बनियन घातलेला, पाइप ओढणारा नावाडी आणि त्याच्या शेजारची उंच टोपीची सभ्य मंडळी एकाच गवतावर बसली आहेत, पण कोणी कोणाकडे पाहत नाही.

नाटककाराला हा अबोलाच हवा असतो. जेम्स लॅपाइन आणि संगीतकार स्टीफन सॉन्डहाइम यांनी या चित्रावर ‘संडे इन द पार्क विथ जॉर्ज’ हे संगीत नाटक रचले. ते २ मे १९८४ रोजी ब्रॉडवेच्या बूथ थिएटरात आले आणि १९८५ मध्ये त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. चित्रात सगळे आहेत, फक्त चित्रकार नाही, या जाणिवेतून नाटकाची कल्पना वाढली. नावाडी, शिपाई, दाई, कुत्रा, माकड ही पात्रे थेट कॅनव्हासवरून उचलली आहेत. एक शिपाई तर चक्क कापीव पुठ्ठ्याची आकृती आहे. आनिएरची पोरेही रंगमंचावर येतात. ठिपक्यांच्या पद्धतीला संगीताने तुटक, लहान स्वरांनी उत्तर दिले. पहिल्या अंकाच्या शेवटी पात्रे आपापल्या जागी उभी राहतात आणि चित्र पुरे होते. रंगमंचावर अभ्यासाचा इतका चोख उपयोग क्वचितच झाला असेल.

मात्र चित्रकाराच्या घरात शिरल्यावर नाटक इतिहासाचा हात सोडते. नाटकातली जॉर्जची प्रेयसी डॉट त्याच्या मुलीला घेऊन एका पाववाल्याबरोबर अमेरिकेला जाते आणि दुसऱ्या अंकात त्याचा १९८४ मधला पणतू भेटतो. प्रत्यक्षात स्यूराच्या आयुष्यात मादलेन क्नोब्लॉक ही स्त्री होती. १८८९–९० च्या एका चित्रात ती पावडर लावताना दिसते. डॉटचा आरशासमोरचा प्रवेश तिथूनच आलेला. मादलेनबरोबरचा संसार त्याने घरच्यांपासूनही लपवला होता. आईला तो कळला अगदी शेवटी. २९ मार्च १८९१ रोजी स्यूरा एकतिसाव्या वर्षी वारला. वर्षाचा मुलगा दोनेक आठवड्यांत त्याच्या मागोमाग गेला, आणि मादलेनच्या पोटातले दुसरे मूलही वाचले नाही.