पंच्याहत्तर मायक्रोग्रॅम

आईच्या गोळ्या मी पहिल्यांदा मोजल्या त्या ९ एप्रिल २०२० ला. लॉकडाऊन लागून दोन आठवडे झाले होते, मला नोकरी लागून आठ महिने. घरात कुठली वस्तू किती दिवस पुरेल याची मी एक शीट बनवली होती. तांदूळ, तूरडाळ, सिलिंडर, बाबांची बीपीची गोळी, आईची थायरॉईडची. वेळ भरपूर होता आणि भीतीही होती. अशा वेळी आमच्यासारखे लोक एक्सेल उघडतात.

आईच्या रांगेत हिशेब जुळेना. १०० गोळ्यांची बाटली १ फेब्रुवारीला उघडलेली. लीप वर्ष धरून त्या दिवसापर्यंत ६९ गोळ्या जायला हव्या होत्या, ३१ उरायला हव्या होत्या. बाटलीत ४० निघाल्या. नऊ गोळ्या जास्त. एक दिवसाआड घेतली तर अठरा दिवसांत नऊ वाचतात. अठरा दिवस मागे मोजत गेलो तर २३ मार्च आला. जनता कर्फ्यूचा दुसरा दिवस.

"आई, तू गोळी एक दिवसाआड घेतेयस?"

तिने आधी कुकरची शिट्टी मोजली, मग म्हणाली, "मेडिकलवाला म्हणाला माल येत नाहीये. संपल्यावर बोंब मारण्यापेक्षा पुरवून खाल्लेली बरी."

बदलापुरात एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. आणि गेले चार दिवस आई पंखा बंद करायला सांगत होती. ते गोळीमुळे की कशामुळे, मला ठरवता आलं नाही. शीटमध्ये तसा कॉलम नव्हता.

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात या ग्रंथीला 'अवटू' म्हटलेलं असतं. घरात कुणी म्हणत नाही. "मला थायरॉईड आहे" असंच म्हणतात, जणू बाकीच्यांना ती ग्रंथीच नाही. २०१३ साली मुंबईसह आठ शहरांतल्या ५,३७६ प्रौढांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १०.९५ टक्के लोकांची ग्रंथी मंद निघाली. म्हणजे दर दहा माणसांमागे साधारण एक. आमच्या बिल्डिंगमध्ये पुढे मी चौकशी केली तेव्हा प्रमाण जास्तच निघालं, पण तिथे सगळ्या काकूंनी एकमेकींना बघून टेस्ट केली होती.

या आजारावर औषध नव्हतं तो काळ फार लांबचा नाही. १८९१ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला जॉर्ज मरे नावाच्या तरुण डॉक्टरने एका ४६ वर्षांच्या बाईला मेंढीच्या ग्रंथीच्या अर्काची इंजेक्शनं द्यायला सुरुवात केली. सुजलेली, मंदावलेली, बोलताना अडखळणारी ती बाई काही महिन्यांत हिंडूफिरू लागली. त्यानंतर ती २८ वर्षं जगली, आणि तेवढ्या काळात तिच्यासाठी ८७० हून जास्त मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. मरेने हा हिशेब स्वतः छापला होता. मला हा माणूस आवडतो. त्यानेही मोजलं.

१९१४ च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेत एडवर्ड केंडलने मूळ द्रव्य, थायरॉक्सिन, स्फटिकरूपात वेगळं काढलं. पुढे तीन टन डुकरांच्या ग्रंथींतून त्याला सुमारे ३३ ग्रॅम मिळालं. ३३ ग्रॅम म्हणजे मूठभरही नाही. पण आईचा रोजचा डोस ७५ मायक्रोग्रॅम. ढोबळ भागाकार केला तर ३३ ग्रॅममध्ये तिचे ४,४०,००० दिवस निघतात, म्हणजे बाराशे वर्षं. १९२० च्या दशकात लंडनमध्ये चार्ल्स हॅरिंग्टनने त्याची रचना उलगडली आणि जॉर्ज बार्जरच्या साथीने ते प्रयोगशाळेत बनवून दाखवलं. तिथून मेंढ्या-डुकरांची गरज संपण्याची वाट मोकळी झाली.

आता बदलापुरात या गोळीवर दहा हजार लोक आहेत असं समजा. आकडा मी गणितापुरता घेतलाय. सगळ्यांचा डोस आईएवढा धरला तर महिनाभराला साडेबावीस ग्रॅम औषध लागेल. पाच चमचे साखर. अख्ख्या शहराचं महिनाभराचं थायरॉक्सिन माझ्या शर्टाच्या खिशात मावलं असतं. आणि ते येत नव्हतं.

गंमत म्हणजे आम्ही राहतो तो पट्टाच रसायनांचा. अंबरनाथ आणि बदलापूरच्या एमआयडीसीत रसायनांचे आणि औषधांचे कारखाने आहेत. रात्री कधीकधी असा वास सुटतो की खिडक्या लावून झोपावं लागतं. लॉकडाऊनमध्ये औषध कारखान्यांना परवानगी होतीच. पण गोळी कारखान्यातून निघते, डेपोत येते, स्टॉकिस्टकडे जाते आणि मग दुकानात. मुंबईच्या आसपासची गोदामं भिवंडीत. तिथे ट्रक होते तर ड्रायव्हर नव्हते, ड्रायव्हर होते तर माल चढवायला माणसं नव्हती. हमाल गावाच्या दिशेने चालत निघाले होते. नाशिक हायवेवरचे ते फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. आईची गोळी आणि ती चालणारी माणसं एकाच साखळीतली आहेत, हे त्या वेळी माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

२२ मार्चपासून लोकल बंद होती. बदलापूरच्या माणसाला लोकल नसणं म्हणजे काय, हे बदलापूरच्याच माणसाला कळतं. मी बाबांची बाइक काढली, फोनमध्ये प्रिस्क्रिप्शन ठेवलं आणि अंबरनाथमार्गे उल्हासनगरला निघालो. दहा-बारा किलोमीटर. अंबरनाथला नाकाबंदीवर हवालदाराने फोन हातात घेऊन प्रिस्क्रिप्शन वाचलं. "थायरॉईड? आमच्या मिसेसलापण आहे. मिळाली तर येताना सांग कुठे मिळाली." येताना तो तिथे नव्हता. ड्युटी बदलली होती.

विम्को नाक्यापासून पुढे तीन दुकानांत नकार मिळाला. चौथं दुकान उल्हासनगरात, सेंट्रल हॉस्पिटलच्या आसपास. गल्ल्यावर सत्तरीचे सिंधी काका, तोंडाला रुमाल. ७५ ची नाही, ५० ची नाही, २५ ची नाही. १०० ची होती. मी म्हटलं, तीन बाटल्या द्या. त्यांनी एक काढून ठेवली.

"अंकल, पैसे देतोय ना मी."

"बेटा, पैसे का सवाल नहीं है. छे बाटली हैं, छे घर जाएंगी."

मला राग आला. खोटं कशाला सांगू. आईला पुरवून खाताना पकडून मी आलो होतो आणि मला माझ्या आईपुरतं वर्षभराचं हवं होतं. बाकीच्या पाच घरांशी माझं काही देणंघेणं नव्हतं. नोकरी करणारा, बाइक असलेला, प्रिस्क्रिप्शन फोनमध्ये असलेला मी दुपारपर्यंत तिथे पोचलो होतो, म्हणून सगळा माल माझा, असं मला मनापासून वाटत होतं.

उल्हासनगर हे गाव मुळात कल्याणच्या लष्करी छावणीचं. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या जवळजवळ लाखभर माणसांना तिथल्या बराकींत ठेवलं, म्हणून तिथे आजही पत्ता सांगताना कॅम्प नंबर एक ते पाच असा सांगतात. ८ ऑगस्ट १९४९ ला त्याचं उल्हासनगर झालं. छावणीतल्या पहिल्या काळात सगळं मोजून मिळायचं. ते काका तिथेच जन्मले असणार. मी विचारलं नाही, बाटली घेऊन निघालो.

आईने बाटली उन्हात धरून बॅच नंबर, तारीख, झाकण सगळं तपासलं. "उल्हासनगरची आहे, खरी आहे ना?" 'मेड इन यूएसए'चा जुना विनोद आमच्याकडे अजून चालतो.

२५ मार्चलाच सरकारने फोनवरून सल्ला देण्याचे नियम जाहीर केले होते, त्यामुळे डॉक्टर व्हिडिओ कॉलवर मिळाले. ते आईवर चिडले नाहीत, मलाच समजावून सांगितलं. थायरॉक्सिन शरीरातून हळू जातं, निम्मं व्हायला सात दिवस लागतात. त्यामुळे एखादी गोळी चुकली तर आभाळ कोसळत नाही, पण निम्म्या डोसवर महिनेच्या महिने काढले तर कोसळतं, आणि ते सावकाश कोसळत असल्यामुळे कळत नाही. आधी ७५ च्या ४० गोळ्या रोज एक घेऊन संपवा. मग १०० ची एक दिवस अख्खी, एक दिवस अर्धी. सरासरी ७५ च. (हा हिशेब तिच्यापुरता आणि तिच्या डॉक्टरांचा. तुमच्या घरचा तुमच्या डॉक्टरांना विचारा.) मी शीट पुन्हा उघडली. सप्टेंबर अखेरपर्यंत पुरणार होतं. एका बाटलीत.

जपानची गोष्ट मी त्यानंतर बऱ्याच दिवसांनी वाचली. आईच्या आजाराचं नावच जपानी: हाकारू हाशिमोतोने १९१२ मध्ये वर्णन केलेला हाशिमोतो. त्या देशातलं ९८ टक्के लेव्होथायरॉक्सिन आस्का नावाची एकच कंपनी बनवायची, तेही फुकुशिमा प्रांतातल्या इवाकी गावच्या एकाच कारखान्यात. ११ मार्च २०११ च्या भूकंपात तो बंद पडला. जगाचं लक्ष त्याच प्रांतातल्या अणुभट्टीकडे होतं, आणि थायरॉईडचे डॉक्टर वेगळ्याच काळजीत होते. त्यांनी काय केलं? एका वेळी कमी दिवसांच्या गोळ्या लिहून द्यायला सुरुवात केली, जर्मनीतून माल मागवला. महिन्याच्या आत कारखाना परत सुरू झाला. ते वाचताना मला सहा बाटल्या आणि सहा घरं आठवली. काकांनी ना जपान वाचला होता, ना कुठलं परिपत्रक.

पण पुरवून खायचं आईला कुणी शिकवलं, हे मला त्या मे महिन्यात कळलं. २००५ च्या सव्वीस जुलैला मी आठ वर्षांचा होतो. उल्हास नदी आमच्या तळमजल्याच्या घरात शिरली, हे मला आठवतं. माझी दप्तराची वही आठवते. आईची गोळ्यांची बाटली टेबलाच्या खणात होती आणि तिचा लगदा झाला, हे मला कधी कुणी सांगितलंच नव्हतं. लोकल बंद, दुकानांत चिखल. मग घर धुणं, माझी पुस्तकं, बाबांची कागदपत्रं, धान्य. सव्वा महिना तिने गोळी घेतलीच नाही.

"सांगितलं का नाहीस?"

"कोणाला सांगणार? सगळ्यांचंच गेलं होतं."

आम्ही आता चौथ्या मजल्यावर राहतो. गोळ्या संपायच्या तीस दिवस आधी माझ्या फोनवर रिमाइंडर येतो, आणि त्याआधीच आईने नवी बाटली आणलेली असते. जास्तीची एक ती कायम ठेवते, रेशन कार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर. ती तारखेनुसार बदलते का, हे मागच्या दिवाळीत मी स्टुलावर चढून पाहिलं. बदलते. तिथे मला आणखी एक छोटी डबी सापडली. आत अर्ध्या तोडलेल्या, पिवळट पडलेल्या तीन गोळ्या होत्या, १०० च्या. मी डबी बंद करून होती तिथे ठेवून दिली.