नसबंदी झाली तरी मांजर भिंतीवर फवारा का मारतं? घरात दोन-चार मांजरं असतील तर हे वाचा

दाराजवळच्या शू-रॅकला, पडद्याच्या खालच्या टोकाला किंवा सोफ्याच्या मागच्या बाजूला उग्र वास येतो. पुसून काढलं, उदबत्ती लावली, तरी दोन दिवसांनी त्याच जागी पुन्हा तोच वास. घरात दोन-तीन मांजरं असणाऱ्या अनेकांच्या हे ओळखीचं आहे.

आणि त्यानंतर मिळणारे सल्लेही ओळखीचेच. 'ते चिडलंय तुमच्यावर, सूड घेतंय.' 'ऑपरेशन करा, आपोआप थांबेल.' 'ऑपरेशन झालंय? मग सोडून या मच्छी मार्केटजवळ.' यातला मधला सल्ला बऱ्याच अंशी बरोबर आहे. पहिला चूक आहे, आणि तिसऱ्याबद्दल शेवटी बोलू.

आधी हे बघा: फवारा आहे की शू?

दोन्हींत लघवीच असते, पण कारणं वेगळी असतात. फवारा मारताना मांजर उभं राहतं, भिंतीकडे किंवा फर्निचरकडे पाठ करतं, शेपटी सरळ वर धरतं आणि तिचं टोक थरथरतं. मागचे पाय जागच्या जागी हलवतं. लघवी थोडीशीच असते आणि ती उभ्या पृष्ठभागावर, साधारण मांजराच्या मागच्या भागाच्या उंचीवर उडते. असं करणारं मांजर बाकी वेळी लिटर बॉक्स व्यवस्थित वापरत असतं.

याउलट गादीवर, पायपुसण्यावर किंवा बाथरूमच्या कोपऱ्यात मोठं थारोळं दिसत असेल तर मांजर तिथे खाली बसून शू करतंय. त्यामागे बहुतेकदा लिटर बॉक्स न आवडणं, सांधेदुखी किंवा मूत्रमार्गाचा त्रास असतो. त्यावरचा उपाय वेगळा. दोन्ही प्रकारांत पहिली पायरी मात्र एकच, व्हेटकडून तपासणी आणि लघवीची चाचणी. ही पायरी गाळून थेट यूट्यूबवर उपाय शोधू नका.

इथे एक गोष्ट ठळक सांगायला हवी. बोका पुन्हापुन्हा लिटर बॉक्समध्ये जाऊन बसतोय, जोर लावतोय, ओरडतोय आणि थेंबभरच लघवी येतेय किंवा तीही येत नाही, तर त्याचा मूत्रमार्ग बंद झालेला असू शकतो. ही इमर्जन्सी आहे. उपचार मिळाले नाहीत तर दोन-तीन दिवसांत जीव जाऊ शकतो. सकाळची वाट पाहू नका.

वास इतका उग्र का?

मांजराच्या लघवीत फेलिनिन नावाचं एक अमिनो आम्ल असतं. त्याला स्वतःला फारसा वास नसतो. पण लघवी बाहेर पडल्यावर त्याचं विघटन होतं आणि गंधकयुक्त रसायनं तयार होतात. म्हणूनच वास पहिल्या तासापेक्षा दुसऱ्या दिवशी जास्त येतो. जपानमधल्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवून दिलं की फेलिनिन तयार होण्यात मांजराच्या लघवीतल्या कॉक्सिन या प्रथिनाचा हात असतो, आणि नसबंदी न झालेल्या बोक्यांमध्ये हे प्रथिन सर्वांत जास्त असतं.

म्हणजे फवारा ही मांजरांसाठी चिठ्ठी आहे. 'मी इथे आहे, अमुक वेळापूर्वी येऊन गेलो.' मांजराचा पूर्वज असलेलं रानमांजर एकट्यानं शिकार करणारं. समोरासमोर भांडून जखमी होण्यापेक्षा वासातून निरोप ठेवून एकमेकांना टाळणं त्याला परवडतं. आपल्या ६०० चौरस फुटांच्या फ्लॅटमध्ये एकमेकांना टाळायला जागाच नसते, ही खरी अडचण.

नसबंदी झाली, मग का?

नसबंदीनं खूप फरक पडतो. दहापैकी साधारण नऊ बोक्यांमध्ये फवारणं थांबतं किंवा बरंच कमी होतं. वयात येण्याआधी नसबंदी केली तर आणखी चांगलं. पण १९८४ च्या एका नावाजलेल्या अमेरिकी अभ्यासात लहानपणीच नसबंदी झालेल्यांपैकी सुमारे १० टक्के बोके आणि ५ टक्के माद्या मोठेपणी फवारत असल्याचं दिसलं. हो, भाटीही फवारा मारते. त्यामुळे 'बोक्याचंच काम' म्हणून आधीच निकाल देऊ नका.

या उरलेल्या मांजरांमध्ये ताण हे मोठं कारण असतं. ताण म्हणजे काय, तर नवं मांजर आलं, बाळ आलं, घराला रंग दिला, नवा सोफा आला, पाहुणे महिनाभर राहिले, खिडकीत बाहेरचा बोका येऊन बसायला लागला. गणपतीतला ढोल आणि दिवाळीतले फटाके आहेतच. पण अनेक मांजरांच्या घरात सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे दुसरी मांजरं. घरातली किंवा बाहेरची.

'पण आमची मांजरं तर भांडत नाहीत'

हे वाक्य मांजर पाळणाऱ्यांकडून हमखास ऐकू येतं, आणि गडबड इथेच होते. मांजरांचं भांडण बहुतेक वेळा आवाज न करता चालतं. एक मांजर पॅसेजच्या मधोमध निवांत पसरलेलं असतं. दुसरं बेडरूमच्या दारात थबकतं, नजर चुकवतं आणि परत फिरतं. लिटर बॉक्स पॅसेजच्या पलीकडे आहे. आपल्याला वाटतं, किती शांत मांजरं! प्रत्यक्षात पहिल्यानं रस्ता अडवलेला असतो आणि दुसऱ्यानं तासभर लघवी धरून ठेवलेली असते.

एक सोपी नोंद करून बघा. आठवडाभर लिहून ठेवा की कोण कोणाला चाटतं, कोण कोणाला अंग घासतं, कोण एकमेकांना चिकटून झोपतं. ही दोस्तीची खरी लक्षणं. एकाच पलंगावर चार फूट अंतर ठेवून झोपणं म्हणजे दोस्ती नव्हे, पलंग आवडतो एवढंच. चार मांजरांच्या घरात बऱ्याचदा दोन गट निघतात, किंवा एक जोडी आणि दोन एकांडी. यापुढची सगळी मांडणी मांजरांच्या संख्येपेक्षा या गटांवर ठरते.

गुन्हेगार शोधायचा की घर बघायचं?

कोण फवारतंय हे कळायला हवंच. स्वस्तातला वायफाय कॅमेरा त्या कोपऱ्याकडे वळवून ठेवला की दोन-तीन रात्रींत उत्तर मिळतं. पण उत्तर मिळालं की सगळा राग त्या एका मांजरावर निघतो, आणि ते चुकीचं आहे.

ब्राझील आणि ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात मांजरांच्या विष्ठेतून ताणाच्या संप्रेरकांचं प्रमाण मोजलं होतं. फवारणाऱ्या मांजरांच्या घरात हे प्रमाण जास्त निघालं, पण फक्त फवारणाऱ्याचं नाही. त्याच घरातल्या न फवारणाऱ्या मांजराचंही तितकंच जास्त होतं. अभ्यास लहान होता, तरी माझ्या मते यातली गोष्ट प्रत्येक मांजरवाल्यानं लक्षात ठेवण्यासारखी आहे. ताणात अख्खं घर असतं, एक मांजर ते भिंतीवर लिहून दाखवतं.

त्यामुळे ओरडणं, पाण्याचा फवारा मारणं, नाक त्या जागी घासणं यातून एकच होतं, ताण वाढतो. मग फवारणंही वाढतं, फक्त तुम्ही नसताना.

घराची मांडणी कशी बदलायची?

लिटर बॉक्सपासून सुरू करा. नियम असा सांगतात की जितकी मांजरं त्यापेक्षा एक जास्त. तीन मांजरांना चार. वन बीएचकेमध्ये हे ऐकून हसू येईल, पण संख्येपेक्षा जागा महत्त्वाची. बाथरूममध्ये ओळीनं लावलेले तीन बॉक्स मांजराच्या हिशेबी एकच, कारण दारात एक मांजर बसलं की तिन्ही बंद. म्हणून दोनच बसत असतील तर घराच्या दोन टोकांना ठेवा. एक बाल्कनीत असेल तर बाल्कनीला जाळी हवी. बॉक्स मांजराच्या लांबीच्या दीडपट तरी लांब असावा. महागडाच हवा असं नाही, कपडे भिजवायचा उथळ, लांबट प्लॅस्टिकचा टब उत्तम चालतो. सुगंधी लिटर टाळा, आणि घाण रोज काढा, शक्यतो दोनदा. रोजची सफाई आणि फवारलेल्या जागा नीट धुणं एवढ्यानंही फवारणं कमी होत असल्याचं अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं होतं.

खाण्याचंही तेच. सगळ्यांच्या वाट्या शेजारी शेजारी मांडलेला फोटो इन्स्टाग्रामवर छान दिसतो, पण मांजराला दुसऱ्याच्या खांद्याला खांदा लावून जेवायला आवडत नाही. ते जेवतं, कारण पर्याय नसतो. वाट्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत ठेवा, एखादी उंचावर. पाणीही दोन-तीन ठिकाणी, जेवणापासून लांब.

फ्लॅट लहान असेल तर जमिनीवर जागा वाढणार नाही, पण वर वाढेल. कपाटाचा माथा, फ्रिजवरची जागा, माळ्याचा मोकळा केलेला कोपरा, भिंतीवरच्या दोन मजबूत फळ्या. मात्र चढायला एक आणि उतरायला दुसरी वाट हवी, नाहीतर वरचं मांजर अडकतं आणि खालचं पहारा देतं. लपायला पुठ्ठ्याचे खोके ठेवा, तेही दोन्ही बाजूंनी उघडे.

बाहेरचा बोका हा प्रश्न चाळीत, तळमजल्यावर आणि जिन्याच्या बाजूच्या घरांत जास्त. फवारे खिडकीखाली, बाल्कनीच्या दाराशी किंवा सेफ्टी डोअरजवळ असतील तर संशय बाहेरच घ्या. खिडकीच्या खालच्या काचेला दूधकाचेचा कागद चिकटवा म्हणजे नजरानजर थांबेल. जाळीच्या दारालाही खालून दोन फूट काही लावा. बाहेरच्या मांजरांना दाराशीच खायला घालत असाल तर ती जागा सोसायटीत लांब न्या. आणि त्या बोक्याची नसबंदी करून घेता आली तर दोन्हीकडचा प्रश्न सुटतो. अनेक शहरांतल्या प्राणी संस्था यात मदत करतात.

नवं मांजर आणल्यावर त्रास सुरू झाला असेल तर दोघांना काही आठवडे वेगळ्या खोल्यांत ठेवून ओळख नव्यानं करून द्यावी लागते. आधी एकमेकांची पांघरुणं अदलाबदल करा. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण, मग जाळीतून दर्शन. 'भांडतील आणि शिकतील' हा प्रकार मांजरांत चालत नाही.

फिनेलची बाटली बाजूला ठेवा

आपल्याकडे वास आला की हात आधी फिनेलकडे जातो. मांजराच्या घरात हे धोक्याचं आहे. अनेक प्रकारच्या फिनेलमध्ये फिनॉल गटातली रसायनं किंवा पाइन तेल असतं. ती पचवून बाहेर टाकायची मांजराच्या यकृताची क्षमता फार कमी असते. फरशीवरून चालून मांजर पाय चाटतं, आणि विष पोटात जातं. डांबराच्या गोळ्या, कापूर आणि सुगंधी तेलांचे डिफ्यूझरही याच यादीत धरा. अमोनियावालं क्लीनर लघवीच्या वासाशी मिळतंजुळतं असल्यानं उलट निमंत्रण देतं. ब्लीच लघवीवर ओतलं तर त्रासदायक वायू तयार होतात.

मग धुवायचं कशानं? एन्झाइम असलेल्या क्लीनरनं. पेट शॉपमध्ये मिळतो. नाहीतर ज्या डिटर्जंटच्या पाकिटावर एन्झाइम लिहिलंय, त्याचं पाणी चालतं. आधी कापडानं टिपून घ्या, मग ते पाणी लावून दहा-पंधरा मिनिटं ठेवा, साध्या पाण्यानं पुसा आणि पूर्ण वाळू द्या. पडद्याच्या कडेला आधी रंग जातो का ते बघा. जागा वाळल्यावर तिथे खाऊची वाटी किंवा नखं घासायचा खांब ठेवला तर मांजर त्या जागेचा वेगळा उपयोग करायला लागतं.

एवढं करूनही थांबलं नाही तर?

बाजारात फेरोमोनचे प्लग-इन डिफ्यूझर मिळतात. मांजर गाल घासून जो 'सगळं ठीक आहे' असा वास सोडतं त्याची ती नक्कल. त्यांच्याबद्दलचे निष्कर्ष संमिश्र आहेत. काही घरांत फरक पडतो, काहींत नाही. जोडीला महिनाभर वापरून बघायला हरकत नाही, मात्र घराची मांडणी तशीच ठेवून फक्त प्लग लावला तर पैसे वाया जाण्याचीच शक्यता जास्त.

औषधांचा उपयोग मात्र चांगला सिद्ध झालाय. फ्लुओक्सेटिन आणि क्लोमिप्रामिन ही माणसांच्या नैराश्यावर, चिंतेवर दिली जाणारी औषधं व्हेट मांजरांना फार कमी मात्रेत देतात. असर दिसायला काही आठवडे लागतात. बरं वाटलं म्हणून अचानक बंद करू नयेत, फवारणं परत येतं. मात्रा वजनावर आणि रक्ताच्या तपासणीवर ठरते, त्यामुळे घरातल्या माणसाची गोळी अर्धी करून देण्याचा विचारही नको. आणि विषय निघालाच आहे तर, पॅरासिटामॉल मांजराला कधीच देऊ नका. एका गोळीनंही मांजर मरू शकतं.

आता तो तिसरा सल्ला. घरात वाढलेलं मांजर बाजारात सोडणं म्हणजे त्याला उपासमारीच्या तोंडी देणं. तिथल्या मांजरांचे इलाके आधीच ठरलेले असतात. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ नुसार पाळीव प्राण्याला असं वाऱ्यावर सोडणं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड मात्र त्याच कायद्यात १० ते ५० रुपये लिहिलाय, म्हणजे एका वडापावच्या आसपास.

तरी एक गोष्ट मान्य करायला हवी. काही मांजरांना दुसरं मांजर नकोच असतं, कितीही फळ्या ठोका. चार-सहा महिने मनापासून प्रयत्न केले, व्हेटची मदत घेतली आणि मांजर अजूनही पलंगाखालीच राहत असेल, तर ओळखीत दुसरं मांजर नसलेलं घर शोधणं हा त्याच्यावर अन्याय नाही. एकटं राहायला मिळाल्यावर अशी मांजरं निवळू शकतात. देताना फवारण्याची गोष्ट लपवू नका. नसबंदी-लसीचे कागद द्या, आणि त्याचं रोजचं पांघरूण न धुता सोबत द्या. नव्या घरात पहिले काही दिवस त्याला ओळखीचा वाटेल असा तेवढाच वास असतो.