मागच्या बाकावरचे प्राध्यापक

बडोद्यात शिक्षणाचा विषय निघाला की आपण श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाशी येऊन थांबतो. १८९३ साली अमरेली भागात प्रयोग, १९०६ साली सगळ्या राज्यात अंमल, हे व्याख्यानांतून इतक्यांदा ऐकले आहे की आपल्या मुलांनाही पाठ असेल. पण सक्ती केल्याने मुले शाळेत आली, त्यांना शिकवायचे कोणी? गावोगाव शाळा निघाल्या की गावोगाव मास्तर लागतात, आणि मुलींच्या शाळांना बाई लागतात. म्हणून संस्थानाला पुरुष व स्त्री शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेजे चालवावी लागली. या शिक्षकांच्या शिक्षणाची हकीकत मात्र आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

माध्यमिक शिक्षकांसाठी १९३५ साली बडोद्यात वेगळे ट्रेनिंग कॉलेज निघाले. ३० एप्रिल १९४९ रोजी महाराजा सयाजीराव विद्यापीठ सुरू झाले आणि दुसऱ्याच दिवशी, १ मे रोजी, बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. राज्य गेले, विद्यापीठ राहिले. हे ट्रेनिंग कॉलेज विद्यापीठाची शिक्षण व मानसशास्त्राची विद्याशाखा झाले. पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता. विद्यापीठाचे माध्यम इंग्रजी. त्यामुळे बी.एड.च्या विद्यार्थ्याने सिद्धान्त इंग्रजीत ऐकायचा आणि शाळेत जाऊन पाठ गुजरातीत नाही तर मराठीत द्यायचा, अशी दुहेरी कसरत इथे सुरुवातीपासूनच होती.

या अभ्यासक्रमाचा जीव सराव पाठांत असतो. माझ्या आत्याने सत्तरच्या दशकात बी.एड. केले. तिच्या पाठ टाचणाच्या वह्या अजून आमच्या माळ्यावर आहेत. डावीकडे हेतू, प्रस्तावना, विचारायचे प्रश्न, फलक लेखन, शेवटी स्वाध्याय. हर्बार्टची पंचपदी त्या पानांवर स्पष्ट दिसते. मला जास्त वाचनीय वाटला तो समास, कारण त्यात तांबड्या शाईतले प्राध्यापकांचे शेरे आहेत. ‘प्रश्न विचारून उत्तर तुम्हीच दिलेत.’ ‘तिसऱ्या रांगेकडे एकदाही पाहिले नाही.’ एका पाठाखाली फक्त ‘आज मुले शिकली’ एवढेच लिहिले आहे. असे शेरे खोलीत बसून लिहिता येत नाहीत. टाचण आदल्या दिवशी तपासायचे, तासभर मागच्या बाकावर बसायचे, मुलांच्या चेहऱ्यांकडे पाहायचे, नंतर छात्राध्यापकाशी बोलायचे, हे सगळे प्राध्यापकांकडून अपेक्षित होते. विद्यार्थ्याची जितकी परीक्षा, तितकी त्यांचीही.

त्या सुमारास बडोद्याचे नाव देशभर होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने साठच्या दशकात शिक्षणशास्त्राचे प्रगत अध्ययन केंद्र इथे दिले. ‘केस’ या नावानेच लोक ते ओळखतात. प्रा. एम. बी. बुच यांनी देशातील शिक्षण संशोधनाचे पहिले सर्वेक्षण १९७४ साली इथूनच काढले. सूक्ष्म अध्यापनावरही इथे मोठे काम झाले. ही पद्धत १९६३ च्या सुमारास अमेरिकेत स्टॅनफर्डला निघाली. पूर्ण तास न घेता एकच कौशल्य, उदाहरणार्थ प्रश्न विचारणे, थोड्या विद्यार्थ्यांपुढे घोटायचे. आपल्याकडे रूढ झालेल्या पद्धतीत सहा मिनिटे शिकवणे, सहा मिनिटे प्रतिक्रिया, बारा मिनिटे नवे नियोजन, पुन्हा सहा मिनिटे शिकवणे आणि सहा मिनिटे प्रतिक्रिया असे ३६ मिनिटांचे चक्र असते. या कामातले प्रा. बी. के. पासी पुढे इंदूरला गेले आणि तिथल्या विद्यापीठाचा शिक्षण विभागही नावारूपाला आला. इंदूरच्या आपल्या मंडळींना हा बडोद्याचा धागा ठाऊक असावा म्हणून लिहिले. आणि इथेही पाहा, ३६ पैकी १२ मिनिटे प्रतिक्रियेची, म्हणजे पाहणाऱ्याने नीट पाहिले नसेल तर सगळे चक्र फुकट.

पुढे खासगी महाविद्यालये वाढली. १९९३ च्या कायद्याने राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषद आली, तरी मान्यता वाटपाचा गोंधळ सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०११ साली न्यायमूर्ती वर्मा यांचा आयोग नेमला गेला, त्याचे निमित्त महाराष्ट्रातल्या जवळजवळ तीनशे डी.एड. संस्थांच्या मान्यतेचे होते. ही गोष्ट आपण मराठी माणसांनी विसरू नये. आयोगाचा अहवाल आला आणि २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचे झाले. विद्यार्थ्याला वर्गात ८० टक्के आणि शाळेतल्या कामात ९० टक्के हजेरी, आणि २० आठवडे शाळेत. दोनशे विद्यार्थ्यांमागे १६ पूर्णवेळ अध्यापक. आठवड्याचे किमान ३६ तास विद्यार्थी आणि अध्यापक दोघांनीही संस्थेत प्रत्यक्ष हजर राहायचे, सल्ला आणि संवादासाठी.

नियम उत्तम आहे. पण मी सरकारी नोकरीत वीसेक वर्षे काढली आहेत. हजेरीपट भरलेला असतो आणि खुर्ची रिकामी असते, हे मला कोणी समजावून सांगायला नको. आमच्या नात्यातल्या एका मुलीने अलीकडे एका खासगी महाविद्यालयातून बी.एड. केले. तिचे बरेचसे पाठ कोणी पाहिलेच नाहीत. वहीवर सह्या मात्र एकाच दिवशी, एकाच पेनाने झाल्या. हजेरी कमी पडली तर विद्यार्थिनीला परीक्षेला बसू देत नाहीत. प्राध्यापक मागच्या बाकावर आलेच नाहीत तर त्यांची हजेरी कोण मोजतो? माझ्या मते सगळा प्रश्न इथेच अडला आहे, अभ्यासक्रम एक वर्षाचा असो की दोन वर्षांचा.

मराठीपुरते पाहिले तर अडचण आणखी पुढची आहे. आपल्या शहरातल्या मराठी माध्यमाच्या शाळा कमी होत गेल्या. मराठी अध्यापन पद्धती घेणाऱ्या छात्राध्यापकाला पाठ द्यायला मराठी वर्ग हवा, आणि तो पाठ ऐकून ‘कवितेचा अर्थ आधी सांगून टाकलात’ असे म्हणू शकेल असा मराठी जाणणारा निरीक्षकही हवा. आपल्या मंडळात निवृत्त मुख्याध्यापक आणि मराठीच्या शिक्षिका बऱ्याच आहेत. उरलेल्या मराठी शाळांशी बोलून सरावाच्या काळात त्यांना त्या मागच्या बाकावर बसवता येईल का, हे येत्या सर्वसाधारण सभेत विचारायचे मी ठरवले आहे.