संगणक आज्ञावली-संरक्षण, महाराष्ट्रातील

विक्रीसाठी तयार केलेल्या संगणक आज्ञावलीच्या म्हणजे सॉफ्टवेअरच्या अनधिकृत नकला होऊ नयेत आणि तिची मूळ संहिता परवानगीवाचून बदलली जाऊ नये, यासाठी योजण्यात येणाऱ्या तांत्रिक व कायदेशीर उपायांना आज्ञावली-संरक्षण असे म्हणतात. आज्ञावली रचण्यास वर्षानुवर्षांचे श्रम लागतात. नक्कल मात्र काही क्षणांत, जवळजवळ विनाखर्च व मुळाबरहुकूम होते. नकलेमुळे मूळ प्रत उणावत नाही. त्यामुळे चोरीची रूढ कल्पना येथे जशीच्या तशी लागू पडत नाही व संरक्षणाचा स्वतंत्र विचार करावा लागतो.

पार्श्वभूमी : संगणकयुगाच्या प्रारंभी आज्ञावली यंत्रासोबतच दिली जाई. १९६९ मध्ये अमेरिकेतील आयबीएम कंपनीने तिची किंमत वेगळी आकारण्याचे जाहीर केले व आज्ञावली ही स्वतंत्र विक्रेय वस्तू ठरू लागली. महाराष्ट्रात टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस (१९६८) व सांताक्रूझ येथील निर्यात क्षेत्र (१९७३) यांपासून या व्यवसायाची वाढ झाली. पुढे तो ठाणे खाडीपलीकडे सिडकोने (स्थापना १९७०) वसविलेल्या नवी मुंबईत पसरला. वाशी रेल्वे स्थानकाच्या इमारतीतील इंटरनॅशनल इन्फोटेक पार्क, महापे येथील मिलेनियम बिझनेस पार्क व कोपरखैरणे येथील धीरूभाई अंबानी नॉलेज सिटी ही त्याची प्रमुख केंद्रे होत. परदेशी ग्राहकांची संहिता येथील अभियंत्यांच्या हाती सोपविली जात असल्याने तिची सुरक्षितता हा या नगरीच्या व्यवसायाचा पाया ठरला.

कायदा : भारतीय कॉपीराइट अधिनियम १९५७ चा आहे. १९८४ च्या दुरुस्तीने संगणक आज्ञावलीचा समावेश ‘साहित्यकृती’च्या व्याख्येत करण्यात आला; म्हणजे कायद्याच्या दृष्टीने आज्ञावली कादंबरीच्या पंक्तीस बसली. मात्र संरक्षण मिळते ते मांडणीला, कल्पनेला नव्हे. हिशेब ठेवण्याची पद्धत कोणासही वापरता येते, दुसऱ्याची संहिता उतरवून घेता येत नाही. १९९४ च्या दुरुस्तीने नकली आज्ञावली जाणूनबुजून वापरणाऱ्यास किमान सात दिवस ते कमाल तीन वर्षे कारावास आणि ५०,००० ते २,००,००० रुपये दंड अशी शिक्षा ठेवली. वापर व्यापारी लाभासाठी नसल्यास ती सौम्य करण्याचा अधिकार न्यायालयास आहे. त्याच वेळी वैध प्रतधारकास सुरक्षिततेसाठी जादा प्रत करण्याची मुभाही देण्यात आली. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील कलम ६५ मूळ संहितेत हेतुपुरस्सर फेरफार करणाऱ्यास शिक्षा सांगते. २०१२ च्या दुरुस्तीनुसार हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलूप निकामी करणे हाही गुन्हा ठरला.

तांत्रिक उपाय : आरंभी फ्लॉपी तबकडीवर मुद्दाम सदोष भाग ठेवीत, जेणेकरून साधी नक्कल चालू नये. असे उपाय कसे भरकटतात, याचे प्रसिद्ध उदाहरण लाहोरचे आहे. तेथील दोघा बंधूंनी आपल्या वैद्यकीय आज्ञावलीच्या नकला करणाऱ्यांना अडविण्याच्या हेतूने १९८६ मध्ये ‘ब्रेन’ हा विषाणू रचला, असे त्यांनी सांगितले. तो फ्लॉपींवरून जगभर पसरला. पुढे हार्डवेअर लॉक म्हणजे संगणकास जोडावयाचे छोटे साधन प्रचारात आले. ते जोडल्याशिवाय आज्ञावली चालत नसे.

मराठी मुद्रणव्यवसायाला या कुलपाचा विशेष परिचय आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्री-लिपी’ व सी-डॅकची (स्थापना १९८८) ‘आयएसएम’ या देवनागरी आज्ञावल्यांसोबत असे लॉक मिळे. मर्यादित बाजारपेठेत अक्षररचनेचे श्रम भरून काढण्यास विक्रेत्यांना ते आवश्यक होते. परंतु प्रत्येक आज्ञावलीतील अक्षरांचे संकेतांक निराळे असल्याने एकीत जुळविलेला मजकूर दुसरीत अर्थहीन चिन्हांच्या रूपात उमटे. लॉक हरवले वा बिघडले, की पैसे मोजून घेतलेली आज्ञावली ग्राहकासही बंद होई. आणि स्वतःच्याच जुन्या पुस्तकांचा मजकूर वाचणे प्रकाशकांना दुरापास्त होई. नकलाकारास रोखणारे कुलूप अशा रीतीने लेखनावरही पडले. भारतीय मानक ‘इस्की’ (१९९१) व त्याच्या आधीच्या १९८८ च्या आवृत्तीवर आधारलेली युनिकोडची देवनागरी यांमुळे मजकूर विशिष्ट विक्रेत्याच्या आज्ञावलीपासून मुक्त झाला. मुंबईतील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेने (स्थापना १९८५) खुल्या लिनक्स प्रणालीत भारतीय लिपी आणण्याचे काम केले. ही संस्था २००३ मध्ये सी-डॅकमध्ये विलीन झाली. तिचे एक केंद्र नवी मुंबईत खारघर येथे आहे.

दूरध्वनिसंचाचा खटला : कोपरखैरणे येथे प्रमुख संकुल असलेल्या रिलायन्स इन्फोकॉमने २००३ मध्ये अल्प प्रारंभिक रकमेत भ्रमणध्वनिसंच दिले, त्यांतील आज्ञावलीमुळे ते केवळ त्याच कंपनीच्या जाळ्यावर चालत. त्यांतील इलेक्ट्रॉनिक क्रमांक बदलून ग्राहक वळविल्याचा आरोप प्रतिस्पर्धी कंपनीच्या काही कर्मचाऱ्यांवर हैदराबादेत झाला. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने २००५ मध्ये भ्रमणध्वनिसंच हा कायद्याच्या व्याख्येनुसार संगणकच होय, असा निर्णय दिला. फसवणूक व विश्वासघात यांविषयीची कलमे रद्द करून कलम ६५ व कॉपीराइट यांखालील तपास पुढे चालविण्यास त्याने मुभा दिली. आरोपींच्या दोषाविषयी हा निर्णय नव्हता. तथापि खिशातील यंत्रातील आज्ञावलीसही संरक्षण आहे, हे त्यामुळे स्पष्ट झाले.

व्याप्ती व मूल्यमापन : १९८८ मध्ये स्थापन झालेल्या नॅसकॉम या संघटनेने देवांग मेहता (१९६२–२००१) यांच्या पुढाकाराने नकलांविरुद्ध मोहीम चालविली. बिझनेस सॉफ्टवेअर अलायन्स या उद्योगसंघटनेच्या अंदाजानुसार भारतातील विनापरवाना आज्ञावल्यांचे प्रमाण २०११ मध्ये ६३ टक्के, तर २०१७ मध्ये ५६ टक्के होते. हे आकडे उद्योगाने स्वतः काढलेले आहेत. शिवाय नक्कल करणारा प्रत्येक जण एरवी खरेदी करताच, असे मानता येत नाही. आता अनेक आज्ञावल्या प्रत न विकता महाजालावरून वर्गणीने वापरावयास देतात. त्यामुळे नक्कल अवघड झाली, तरी वर्गणी थांबताच ग्राहकाचा वापरही थांबतो. रचनाकाराच्या श्रमांचे मोल राखताना वैध ग्राहकाचे स्वतःच्या मजकुरावरील स्वामित्व अबाधित ठेवणे, ही देवनागरी आज्ञावल्यांनी पुढे आणलेली समस्या नव्या व्यवस्थेतही कायम आहे.