नाव टिकतं ते नियमांनी

हापूसच्या पेटीवर ‘देवगड’ असं ठळक छापलेलं असतं, पण आंबा कापला की शंका येते. शंभर वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या एका गावाचं दुखणं नेमकं हेच होतं, फक्त तिथे प्रश्न वाइनचा होता.

१३०९ पासून पोपमंडळी रोमऐवजी दक्षिण फ्रान्समधल्या आव्हीन्यों शहरात राहू लागली. बाविसावे जॉन या पोपनी जवळच्याच एका गावात टेकडीवर किल्ला बांधला. त्यावरून पुढे गावाला नाव मिळालं शातोनफ-द्यु-पाप, म्हणजे ‘पोपचा नवा किल्ला’. इथल्या अनेक मळ्यांत माती कमी आणि गोल गोटेच जास्त! दिवसा तापलेले हे गोटे रात्री वेलींना ऊब देतात. इथली लाल वाइन दमदार होते, ती मुख्यतः ग्रनाश जातीच्या द्राक्षांमुळे.

एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा किडीने मुळं खाऊन मळे झोपवले. शेतकऱ्यांनी ते पुन्हा उभे केले, तर आता भलत्याच ठिकाणची वाइन या गावाच्या नावाने विकली जाऊ लागली.

१९२३ मध्ये गावकरी बॅरन पिएर ल रुआ यांच्याकडे गेले. हे गृहस्थ वकिली शिकलेले, पहिल्या महायुद्धातले वैमानिक आणि गावातलेच मळेवाले. त्यांनी अट घातली, की आधी शिस्त आपल्यापासून. मग नियम ठरले. जिथे लॅव्हेंडर आणि थाईम दोन्ही उगवतात, अशीच कोरडी जमीन धरायची. द्राक्षांच्या जाती ठरलेल्याच हव्यात. मद्यार्क किमान १२.५ टक्के हवा, आणि तोही वरून साखर न घालता. तोडणीच्या वेळी किमान ५ टक्के द्राक्षं बाजूला काढायची. विचार करा, हाताशी आलेल्या पिकातला वाटा स्वतःहून सोडायचा!

कोर्टकचेरी १९३३ पर्यंत चालली आणि गाव जिंकलं. १९३५ मध्ये फ्रान्सने अशा नावांच्या संरक्षणासाठी देशभराचा कायदा केला. १९३६ मध्ये ज्या पहिल्या नावांना तो लागू झाला, त्यांत शातोनफ-द्यु-पाप होतं.

२०१८ मध्ये कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागचा विचारही हाच: नाव त्या मातीचं, दुसऱ्याने ते वापरायचं नाही.

पण त्या गावाने दुसऱ्यांना अडवण्याआधी स्वतःचे हात बांधून घेतले होते. आपल्या सोसायटीचे उपविधी वाचताना कंटाळा येतो खरा. पण पंचवीस वर्षं एकत्र राहिल्यावर एवढं तरी कळतं, की नियम पहिल्यांदा आपल्याच दारात पाळावा लागतो.